कुंझुमच्या वाटेवर

अटल बोगद्यातून बाहेर पडताच सृष्टीचे रूप पालटते. दक्षिण मुखाशी देवदारांची सावली आणि ओलसर हवा असते, ९.०२ किलोमीटर अंतर भुयारातून कापून उत्तर मुखाशी यावे, तो समोर उघडेबोडके डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी राखी रंगाच्या पाण्याची चंद्रा नदी. २०२० च्या ऑक्टोबरात हा बोगदा खुला होण्यापूर्वी लाहूलमध्ये येणाऱ्याला रोहतांगची खिंड चढून उतरावी लागे. आज तो घाट अर्ध्या तासाच्या आत मागे पडतो. मात्र खोकसरवरून ग्राम्फूला आलो आणि स्पितीकडे जाणारा फाटा घेतला, की खरा हिमालय पुन्हा सुरू होतो. नकाशात याला राष्ट्रीय महामार्ग ५०५ असे भारदस्त नाव आहे; प्रत्यक्षात ती दगडगोट्यांतून, हिमनद्यांच्या ओढ्यांतून आणि दरडींच्या कुशीतून काढलेली वाट आहे.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे या वाटेने निघालो होतो. मी, माझा पुतण्या, सूनबाई आणि त्यांचा आठ वर्षांचा मुलगा. गाडी थार, म्हणजे जन्माने नाशिककरच. परंतु कारखान्यातून निघालेली ती गाडी आता ओळखू येत नव्हती. उत्तरेकडील एका शहरातल्या कार्यशाळेत चार महिने राहून ती नवे रूप घेऊन आली होती. उंची वाढविलेली, टायर मोठे, पुढे जाड पोलादी बंपर आणि त्यात विंच, बाजूने वर गेलेले स्नॉर्केल, छपरावर जाळी आणि तिच्यावर घडीचा तंबू. मूळ किमतीखेरीज या सजावटीवर नऊ लाख रुपये खर्च झाले होते.

येथे एक कबुली आधीच दिली पाहिजे. मे महिन्यात गाडी घरी आली, तेव्हा पुतण्याने मला हौसेने अंगणात नेले आणि विचारले, "काका, कशी झाली आहे?" सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मी तीस वर्षे जोडकामाचा तपासनीस म्हणून काढली. सवयीने माझे बोट बंपरच्या आतल्या कंसावर गेले. तेथील वेल्डिंग अगदी गुळगुळीत होते आणि त्यावर काळ्या रंगाचा जाड थर होता. इतकी गुळगुळीत शिवण हाताने येत नाही. ती ग्राइंडरने येते. जे घासून झाकले जाते, ते बहुधा दाखविण्यासारखे नसते, हे मी असंख्य वेळा तपासणीच्या कागदावर लिहिले होते. त्या दिवशी मात्र पुतण्याचा उजळलेला चेहरा पाहून मी एवढेच म्हणालो, "छान झाली आहे."

छत्रूच्या पुढे ओढे लागतात. हिमनद्यांचे पाणी सकाळी शांत असते. ऊन चढेल तसे बर्फ वितळते आणि दुपारनंतर तेच ओढे दगड घरंगळवू लागतात. म्हणून जाणते लोक पहाटे निघतात. आम्ही दुपारी पोहोचलो. गुडघाभर पाण्यातून गाडी सहज पार झाली आणि नातवाने टाळ्या वाजविल्या. पण त्यानंतर मागच्या बाजूने प्रत्येक खड्ड्याला "टक्" असा आवाज येऊ लागला. सामान हलत असेल असे ठरवून आम्ही बातलला मुक्काम केला. बातल म्हणजे नदीवरचा एक पूल, एकदोन ढाबे आणि वारा. रात्री राजमा-भात खाऊन पांघरुणात शिरलो, तरी तो आवाज माझ्या कानात होताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंझुमचा घाट चढलो. साडेचार हजार मीटरहून अधिक उंचीच्या या खिंडीत पांढरे स्तूप आहेत, देवीचे स्थान आहे आणि फडफडणाऱ्या पताकांची दाटी आहे. वाहनचालक येथे गाडीसह प्रदक्षिणा घालतात आणि मगच पुढे उतरतात. आम्हीही घातली. समोर बर्फाच्या शिखरांची रांग इतकी जवळ भासत होती, की बोलणे नको वाटावे. खिंड ओलांडून लोसारला उतरलो. हे स्पितीचे पहिले गाव. हिरव्या वाटाण्याची शेते, सपाट माळवदांची पांढरी घरे. तपासणी नाक्यावर पुतण्या नोंद करण्यास गेला आणि मी पाय मोकळे करण्यासाठी उतरलो. पुढचे डावे चाक पूर्ण वळलेल्या स्थितीत उभे होते. आत डोकावलो आणि क्षणभर जागीच थिजलो.

ब्रेकचे तेल चाकापर्यंत नेणारी रबरी नळी टायरला टेकलेली होती. वरचे रबर घासून गेले होते आणि आतली धाग्यांची वीण उघडी पडली होती. घाटाच्या प्रत्येक वळणावर चाक पूर्ण वळले, की टायर त्या नळीला कानशीसारखे घासत होते. तेल अजून बाहेर आले नव्हते. आणखी किती वळणे तग धरली असती, याचा हिशेब मी केला नाही. मागच्या आसनावर नातू डोके खिडकीला टेकवून झोपला होता.

नळी प्लास्टिकच्या पट्टीने चाकापासून दूर ओढून बांधली, स्टीअरिंग पूर्ण वळवायचे नाही असे ठरविले आणि नदीच्या सपाट काठाने, सायकलच्या वेगाने म्हणावे तसे, काझा गाठले. तेथील बाजाराच्या टोकाला एका वयस्क मिस्त्रींचे पत्र्याचे गॅरेज होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "रंग अच्छा है, साहब." त्या तीन शब्दांत नऊ लाखांचा निकाल होता.

त्यानंतरचे दोन तास मी त्यांच्यासह गाडीखाली घालविले. जे दिसले ते येथे क्रमाने सांगतो. कारण अशी गाडी बनवून घेण्याची हौस आपल्या अनेक घरांत आता आली आहे, आणि ही तपासणी कोणीही करू शकतो.

नळी का घासली? गाडीची उंची वाढविली, पण नळ्या मूळच्याच ठेवल्या. चाक खाली लोंबले की त्या ताणल्या जात होत्या. शिवाय टायर मूळ मापापेक्षा दोन इंचांनी मोठे आणि बाहेर-आत सरकलेले. याची परीक्षा सोपी आहे. जॅकने एक चाक पूर्ण अधांतरी लोंबू द्यावे, स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवावे आणि नळी, तारा व टायर यांच्यात बोटभर मोकळी जागा राहते की नाही हे डोळ्यांनी पाहावे. मोठ्या टायरचा आणखी एक परिणाम बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ३१ इंचांऐवजी ३३ इंचांचे टायर बसविले आणि वेगमापकात दुरुस्ती केली नाही, तर काटा ८० दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात ८५ ने धावत असते.

मागचा "टक्" आवाज ॲक्सलला बाजूला सरकू न देणाऱ्या आडव्या दांड्याचा होता. त्याच्या कंसाचे छिद्र बोल्टपेक्षा मोठे पाडलेले होते आणि धक्क्यांनी ते लंबगोल झाले होते. बोल्टच्या डोक्यावर कोणताही आकडा नव्हता. चांगल्या पोलादी बोल्टवर ८.८ किंवा १०.९ असा त्याच्या ताकदीचा अंक कोरलेला असतो. जेथे चाकाचा किंवा ओढण्याचा भार येतो, तेथे अंक नसलेला बोल्ट दिसला तर काम तेथेच थांबवावे. नट सैल होऊ नये म्हणून आत नायलॉनचे कडे असलेला नट वापरतात, आणि बोल्टचे एकदोन आटे नटाच्या बाहेर आलेले असावे लागतात. येथे दोन्ही गोष्टी नव्हत्या. काळजीपूर्वक काम करणारा कारीगर मोजलेल्या ताकदीने बोल्ट आवळून त्यावर रंगाची एक रेघ ओढतो. पुढे नट हलला, तर ती रेघ तुटलेली दिसते. अशी रेघ म्हणजे कारागिराची सहीच होय.

मग वेल्डिंग. चांगली शिवण एकावर एक सरकवून मांडलेल्या नाण्यांसारखी समान दिसते आणि दोन्ही पत्र्यांत मुरलेली असते. वर फुगीर, कडेला खोल चर पडलेली किंवा बारीक छिद्रे असलेली शिवण अर्धीच चिकटलेली असते. मिस्त्रींनी बंपरच्या कंसावरचा रंग खरवडला. खाली लांबी भरलेली होती आणि लांबीखाली फट. त्या बंपरवर विंच होती. गाळात रुतलेली गाडी तिने ओढली असती, तर कंस निखळून पोलादी दोर कोणाच्या अंगावर गेला असता हे सांगावयास नको. मे महिन्यात माझे बोट ज्या जागी थांबले होते, तीच ही जागा.

स्नॉर्केल केवळ शोभेचे होते. गाडीच्या बाहेर पाइप उंच गेला होता, पण आत हवेच्या डब्याशी त्याचा सांधा उघडाच होता. एअर फिल्टरचा तळ ओलसर निघाला. पाणी थोडे अधिक खोल असते, तर ते थेट इंजिनात गेले असते. मागच्या ॲक्सलचे तेल काढले, तेव्हा ते दुधाळ निघाले. ॲक्सलला श्वास घेण्यासाठी एक बारीक नळी असते. ती वर उंच नेल्याचे पैसे बिलात लावले होते. प्रत्यक्षात मूळची नळीच नव्या कंसाखाली दबून फाटली होती. तापलेला ॲक्सल थंड ओढ्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. तेल दुधासारखे दिसणे ही पाणी शिरल्याची हमखास खूण.

जादा दिव्यांच्या तारा थेट बॅटरीवरून घेतल्या होत्या आणि वाटेत कोठेही फ्यूज नव्हता. त्या पत्र्याच्या छिद्रातून रबरी कड्याविना गेल्या होत्या. धारेवर घासून त्यांचे आवरण कापले जात होते. सांधे पीळ घालून वर चिकटपट्टी गुंडाळलेले. गाड्यांना आग लागते ती पुष्कळदा अशाच जागी. छपरावरच्या जाळीचे पाय पातळ पत्र्यात लहान वायसरांवर आवळलेले होते, आणि प्रत्येक पायाभोवती रंगाला केसाएवढ्या भेगा पडल्या होत्या.

नवी नळी मनालीहून यावयाची होती. दोन दिवस आम्ही तेथील एका जुन्या टॅक्सीतून फिरलो. तिच्यावर एकही शोभेची वस्तू नव्हती. चालक रोज सकाळी निघण्यापूर्वी वाकून चारही चाकांच्या आत पाहत असे आणि नट हाताने चाचपत असे. त्या गाडीने आम्हांला की गोंपा दाखविला, किब्बर दाखविले आणि स्पिती नदीच्या काठाने ताबोला नेले. ताबोचा विहार इसवी सन ९९६ मध्ये उभा राहिला. बाहेरून पाहिले तर मातीच्या बुटक्या भिंती. कोणी थांबूही नये. आत मात्र सहस्र वर्षांची भित्तिचित्रे अंधारात तेवत असतात. १९७५ च्या किन्नौरच्या भूकंपाने या खोऱ्याला हादरविले, तरी त्या भिंती उभ्या राहिल्या. पुतण्या बराच वेळ एका भिंतीपाशी उभा होता.

बाहेर येताना त्याने विचारले, "काका, मे महिन्यात तुम्हांला काही दिसले होते का?"

"दिसले होते," मी म्हणालो.

तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पुढच्या वेळी सांगा." त्याच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

परतल्यावर कार्यशाळेला विचारले. नळी बदलून देण्याची तयारी त्यांनी दाखविली. बाकीच्याबद्दल "सगळे असेच करतात" हे उत्तर मिळाले. कायद्याची बाजूही आम्ही उशिराच वाचली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ रचनेपासून बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हीच भूमिका स्पष्टपणे मांडली आहे. तेव्हा काम देण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांना लेखी विचारून घेणे शहाणपणाचे. कार्यशाळेकडून कामाच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे मागावीत, तीही रंग चढण्यापूर्वीची. जो कारीगर ती आनंदाने देतो, त्याला निम्मी परीक्षा उत्तीर्ण समजावे. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी ती भरलेल्या टाकीसह वजनकाट्यावर न्यावी. माणसे आणि सामान धरून पुस्तिकेतील कमाल वजनाच्या आत ती बसते का, हे पाहावे.

आता ती थार मूळ मापाच्या टायरांवर उभी आहे. तंबू घरातल्या माळ्यावर गेला आहे. मागच्या महिन्यात पुतण्याच्या मित्राने नवी सजविलेली गाडी आणली आणि मला विचारले, कशी झाली आहे. मी अंगणात सतरंजी मागविली, चष्मा पुसला आणि आधी गाडीखाली शिरलो.