बोलीची कलमे

मुलांच्या हाती मोबाईल पाहिला की आमच्या कपाळास आठी पडते, हे आधीच कबूल केलेले बरे. पेशा प्राध्यापकाचा, त्यात वय पन्नाशीपलीकडचे. तरुण पिढी बिघडली असे म्हणावयास आणखी काय लागते? शिवाय आता परदेशचा आधारही मिळाला. ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालील मुलांना इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब अशा माध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली. ते वाचून आम्ही मनातल्या मनात टाळ्या वाजविल्या, आणि त्याच तोऱ्यात त्या हिवाळ्यात शेंदूरजनाघाटास वडीलबंधूंकडे गेलो.

वरुड तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव संत्र्याच्या रोपवाटिकांसाठी प्रसिद्ध आहे. जंभेरीच्या रोपावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधून कलमे करावयाची, हाच बंधूंचा जन्माचा व्यवसाय. त्यांची 15 वर्षांची नात वाफ्याशी उभी राहून मोबाईलपुढे बोलत होती. आम्ही उपदेशाच्या तयारीने पुढे झालो आणि थबकलो. ती सांगत होती, "डोळा वीतभर उंचावरच बांधा लागते. काहून? ओली माती सांध्याले लागली का डिंक्या येते."

तो एक ‘काहून’ आमच्या जिव्हारी लागला. 1989 साली आम्ही पुण्यास शिकावयास गेलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हाच शब्द तोंडून निघाला आणि वर्गात हशा पिकला. त्या दिवसापासून आमची बोली ट्रंकेच्या तळाशी गेली. पुढे सुटीत घरी आलो तरी बंधूंशी पुस्तकी मराठीतच बोलू लागलो. आणि हळूहळू बोलण्यासारखे फारसे काही उरलेच नाही.

"तुला कोणी हसत नाही?" आम्ही विचारले.

"हासतेत ना! पन एका पोरानं इचारलं, डोळा कोन्त्या काडीचा घ्यावा. मले ठाऊक नोतं, म्हून आबाजीले इचारलं."

मग कळले की असे प्रश्न रोज येतात, आणि रोज संध्याकाळी नात आजोबांच्या बाजेशी जाऊन बसते. ज्यांना घरात कित्येक वर्षे कोणी काही विचारीत नव्हते, त्या आमच्या बंधूंना आता उत्तरे द्यावयास वेळ पुरत नाही. हे माध्यम पोरीला घरातून पळवून नेत आहे अशी आमची समजूत. त्याने तर तिला घरात आणून बसविले होते!

या माध्यमांचे दोष आम्ही नाकारीत नाही. जागरणे, दुसऱ्याच्या सुखाशी तुलना, अनोळखी माणसांचा उपद्रव, सारे खरे आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलने 2023 साली याच धोक्यांचा इशारा दिला. पण आपल्यासारख्या इतरांची सोबत या माध्यमांतून मुलांस मिळते, हेही त्याच पत्रकात नमूद केले. आम्ही आजवर इशारा तेवढा वाचला होता.

रात्री ओसरीवर आम्ही बंधूंना विचारले, "भाऊ, औंदा आंबिया कसा फुटून रायला?"

ते क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. मग बाजेवर थोडे सरकले आणि त्यांनी आम्हांस जागा करून दिली.