भांडी झाली तरी

भांडी घासताना सोबत म्हणून त्याने ‘बीस्टी बॉइज बुक’चं ऑडिओबुक कानाला लावलं. भांडी संपली, नळ बंद झाला. तो मात्र ओट्याशीच उभा.

२०१८ सालच्या या आठवणी मायकेल डायमंड आणि अ‍ॅडम होरोविट्झ यांच्या. तिसरा गडी, अ‍ॅडम यॉक, २०१२ मध्ये लाळग्रंथीच्या कर्करोगाने गेला आणि न्यूयॉर्कचा ‘बीस्टी बॉइज’ हा त्यांचा बँडही तिथेच थांबला. वाचायला मात्र स्टीव्ह बुसेमी, स्नूप डॉग अशी मोठी वरात! ही गर्दी त्याला आधी खटकलीच.

मग केट शेलेनबाख आली. १९८१च्या पंक दिवसांतली त्यांची ड्रमर. पुढे रॅपच्या नादात पोरांनी तिला बाजूला सारलं. पुस्तकात त्यांनी तिलाच लिहायला जागा दिली. (नुसत्या माफीपेक्षा हे बरं.)

ते प्रकरण त्याने दोनदा ऐकलं.