सोनाळ्याच्या गल्ल्यांचा फोटो कोण काढणार?

संग्रामपूर तालुक्यातील सोनाळा हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. जवळच अंबाबरवा अभयारण्याचे जंगल. अशा गावाच्या जुन्या गल्ल्या, मातीची घरे, विहिरी पुढच्या पिढीला कशा दिसणार?

बुलढाणा जिल्ह्याला कॅमेरा नवा नाही. अजिंठ्याच्या बौद्ध लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी 1844 साली रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. वर्षानुवर्षे खपून त्याने केलेल्या बहुतेक प्रतिकृती 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. परंतु त्याने फोटोही काढले होते. 1860 च्या दशकातील त्याचे अजिंठ्याचे आणि आपल्या लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचे फोटो आजही पाहायला मिळतात. चित्र एकच असते, फोटोच्या प्रती अनेक निघतात!

साहेबाचा कॅमेरा लेण्यांकडे, देवळांकडे वळला. गावकुसाबाहेरच्या वस्तीचे फोटो काढणे हे आपलेच काम आहे. मातीची भिंत जाऊन पक्के घर उभे राहते, ही आनंदाची गोष्ट. पण भिंत पाडण्याआधी तिच्यासमोर आजीला बसवून एक फोटो घ्या. पेटीतल्या जुन्या फोटोंमागे पेन्सिलीने नावे, जागा, साल लिहा. मोबाईलने त्यांच्या प्रती काढून भावा-बहिणींना द्या. लग्नाच्या फोटोत मागे दिसणारी गल्ली, विहाराच्या पायाभरणीच्या फोटोतील मोकळी जागा हाही इतिहासच आहे. सांगणारी वडीलधारी माणसे आहेत, तोवर विचारून घ्या!