नावे तर पुस्तकात आहेत

नाताळचा चित्रपट म्हटला की आमच्या कपाळावर आठी उमटते. कापसाचा बर्फ, लाल टोपीचा म्हातारा, दुकानांची रोषणाई आणि शेवटी नायक-नायिकेचे मीलन. या साऱ्या पसाऱ्यात गव्हाणीतील बाळाला जागा कोठून मिळणार? म्हणून गेल्या आगमनकाळात चिंचपाड्याच्या तरुणांनी ‘द ख्रिसमस कार्ड’ हा अमेरिकन दूरचित्रवाणीसाठी २००६ साली तयार झालेला चित्रपट दाखविण्याची परवानगी मागितली, तेव्हा आम्ही ती नाखुशीनेच दिली.

संशयाला कारण होते. चित्रपट हॉलमार्क वाहिनीचा, आणि त्या नावामागील कंपनीचा आरंभ १९१० साली कॅन्सस सिटीत झाला तो चित्रकार्डे विकण्यापासून. कार्डे विकणाऱ्यांनी कार्डाची प्रेमकथा सांगावी, म्हणजे ती लांबलचक जाहिरातच असणार, अशी आमची अटकळ. मात्र याच कंपनीच्या पाठबळाने २४ डिसेंबर १९५१ रोजी मेनोत्ती यांची, एका पांगळ्या मुलाच्या घरी उतरलेल्या तीन राजांची संगीतिका अमेरिकेत दूरचित्रवाणीवर आली होती, हे आम्ही विसरलो.

कथा साधी आहे. कॅलिफोर्नियातील नेवाडा सिटी या गावची चर्चमधील मंडळी युद्धावरील सैनिकांना कार्डे लिहितात. फेथ नावाच्या तरुणीचे कार्ड अफगाणिस्तानात कोडी या अनोळखी जवानाच्या हाती पडते. तो ते जपतो आणि रजेवर आल्यावर त्या गावी जातो. तिच्या आयुष्यात आधीच दुसरा पुरुष आहे, हे कळल्यावर तो तिच्यावर हक्क सांगत नाही. तिच्या वडिलांची भूमिका करणारे एडवर्ड ॲस्नर यांना २००७ साली एमी पुरस्काराचे नामांकन लाभले होते. शेवट आम्ही पहिल्या पाव तासातच ओळखला. तरीही खुर्ची सोडवली नाही.

एक शिक्षिका संवादांचा अर्थ मराठीत सांगत होत्या. मागे बसलेल्या आजीबाईंना त्यांची नात तोच मावचीत समजावीत होती. या आजींचा मुलगा आणि सून दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला गेलेली. चित्रपट संपल्यावर आजी आमच्यापाशी आल्या व म्हणाल्या, “फादर, त्या पोरीला शिपायाचं नावही ठाऊक नव्हतं, तरी तिची चिठ्ठी पोचली. आमच्या पोरांची नावं तर तुमच्या पुस्तकात आहेत.”

आम्ही निरुत्तर झालो. त्या दोघांचा विवाह आम्हीच लावला होता. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. वेदीसमोर आम्ही ज्यांना एक केले, त्यांना मुकादमही एकच धरतो. आम्ही मात्र त्यांना नाताळच्या मिस्सेला ‘गैरहजर’ धरीत होतो. बाके रिकामी राहतात अशी तक्रार प्रवचनातून कित्येकदा केली. एक ओळ मात्र कधी लिहिली नाही.

त्या रात्री आम्ही विवाहनोंदीचे पुस्तक उघडले. मुलांनी वहीच्या पानांवर गव्हाणी रंगविल्या, मोठ्यांनी मजकूर लिहिला. पत्ते कोणाचेच नव्हते. मग स्वतःच जायचे ठरविले. नाताळच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी, तोड आटोपल्यावर, शेताच्या कडेला पालांमध्ये मिस्सा अर्पिली. आजींच्या सुनेने आपल्या लेकीचे चित्र हातात घेतले. ती वाचू शकत नव्हती; नवऱ्याने कंदील जवळ धरला आणि हळूहळू वाचून दाखविले. दोघांच्याही हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे होते.

प्रेमकथा पाहण्यास आम्ही नाखूश होतो, आणि ती आमच्याच पुस्तकात नोंदलेली होती. परमेश्वराने आपल्या लोकांना केवळ निरोप धाडला नाही. तो स्वतः आला, तोही वाटेवरच्या निवाऱ्यात. वाचकहो, आपल्या घरातून दूर गेलेल्यांची नावे आपणांस ठाऊक आहेतच. नाताळपूर्वी ती एकदा उघडून पाहावीत.