नवतपा आणि सहा तारा

मे महिन्यात माझ्याकडे गिटार शिकायला येणारे कमी आणि गिटार दाखवायला येणारे जास्त. परीक्षा आटोपून मुलं आजोळी गेलेली असतात, क्लासचे तास रिकामे असतात, आणि नेमके त्याच दिवसांत एकेक पालक संध्याकाळी ऊन उतरल्यावर खांद्याला काळी बॅग लावून दारात उभे राहतात. मी काही कारखान्यात घडलेली कारागीर नाही. शिकवता शिकवता फ्रेट घासणं, सुटलेला ब्रिज बसवणं अंगवळणी पडलं, एवढंच. नागपुरात तेव्हा असं काम करणारं कुणी सापडायचं नाही, आणि वाद्य पुण्या-मुंबईला पाठवायचं म्हणजे पुन्हा उन्हातूनच पाठवायचं.

"मॅडम, गाडी तं सावलीतच लावली होती ना," एका गृहस्थांनी बॅगची चेन उघडायच्या आधीच सांगून टाकलं. चंद्रपूरकडे नात्यातलं लग्न होतं. मुलगी संध्याकाळी वाजवणार म्हणून गिटार मागच्या सीटवर ठेवलेली. सकाळी दहाला गाडी कडुनिंबाखाली उभी केली तेव्हा सावली होती. अक्षता पडून, पंगत उठून बाहेर यायला दोन वाजले, तोवर सावली झाडाच्या दुसऱ्या अंगाला गेली होती. मला त्यांना बोल लावता येईना. मांडवात आहेर देता-घेता सावली कुठवर सरकली हे कोण बघत बसतं?

ब्रिजची मागची कड उचललेली होती. अशा वेळी मी वहीच्या कागदाचा एक कपटा कडेखाली सरकवून बघते. ब्रिज घट्ट बसलेला असेल तर कागद अडतो. इथे तो अर्धा आत गेला. मुलगी शेजारी उभी राहून ओठ चावत होती.

सहा स्टीलच्या तारा सुरात लावल्या की मिळून सुमारे ७० किलोंचा ताण ओढतात. हा ताण ज्या ब्रिजवर येतो तो खाली जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या फळीला चिकटवलेला असतो, आणि बहुतेक गिटारींत त्याला धरून ठेवतो तो फक्त गोंद. हा गोंद साधारण ६५ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. नागपुरातलं आजवरचं सर्वाधिक तापमान ४७.९, तेही २३ मे २०१३ चं. म्हणजे नुसत्या हवेने ब्रिज सुटायला नको. २०२४ च्या मे अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले तेव्हा देशभर खळबळ उडाली, आणि मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. पण काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ५६ हा आकडा आपल्याकडे कुणाच्या लक्षातही येणार नाही इतका रोजचा आहे. तासाभरात ६० ओलांडलं जातं, आणि काळ्या बॅगचं कापड त्याहून तापतं. मोबाइलवर ४४ बघून आपण हवेला घाबरतो. गिटारीला मारतात त्या बंद जागा.

यातली गंमत अशी की दुरुस्ती करताना मीही हेच करते. अर्धवट सुटलेला ब्रिज नीट बसवायचा तर आधी तो पूर्ण काढावा लागतो. त्यासाठी भोवतालची फळी झाकून घ्यायची, ब्रिज तापवायचा आणि पातळ, गरम पाती कडेतून हळूहळू आत ढकलायची. गोंद सुटताना चर्रर्र असा आवाज येतो. तो इतक्या वेळा ऐकूनही माझ्या पोटात खड्डा पडतो, कारण घाई झाली तर गोंदाबरोबर लाकडाचे तंतूही उपटून येतात. मग दोन्ही पृष्ठभाग साफ करायचे, नवा गोंद लावायचा, तोंडाच्या भोकातून हात घालून आतून-बाहेरून क्लॅम्प आवळायचे आणि पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. वाद्य पुन्हा उघडता यावं म्हणून गोंद उष्णतेला दाद देणारा वापरतात. त्याच सोयीचा फायदा सूर्य घेतो. यावर उपाय म्हणून कुणी इपॉक्सी ओततात. एका गिटारीत तर घरच्या सुताराने इपॉक्सीवर दोन स्क्रूही पिळले होते. ब्रिज हलला नाही हे खरं, पण पुढच्या उन्हाळ्यात त्याच्यासकट समोरची फळी वर आली.

गाडी नसलेल्यांचं वेगळं. आमच्या मुली दुपारी स्कूटरवर निघतात तेव्हा डोळे सोडून सगळा चेहरा दुपट्ट्यात, हातात कोपरापर्यंत मोजे, डोळ्यांवर गॉगल. पाठीवरची काळी बॅग मात्र उघडी. मी त्यांना जुनी पांढरी चादर बॅगवर गुंडाळायला सांगते. सुरुवातीला लाजतात, मग सवय होते. प्रवास लांबचा असेल तर तारा दोन-तीन फेरे सैल करा म्हणते, म्हणजे गोंद मऊ पडलाच तरी ओढायला ७० किलो नसतील. पोचल्यावर बॅग लगेच उघडू नका, अर्धा-पाऊण तास खोलीत तशीच राहू द्या. लॅकर पॉलिश चढवलेली महागडी गिटार असली तर हे जास्तच पाळावं लागतं. ते पॉलिश तापून चिकट होतं, आणि तापलेली गिटार थेट एसीत नेली तर त्यावर बारीक चिरा पडतात.

आता कूलर. यावर माझं आणि निम्म्या नागपूरचं पटत नाही.

गिटारीच्या कारखान्यात हवेतली आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्क्यांवर ठेवतात आणि त्या हवेत लाकूड जोडतात. समोरची फळी बहुधा स्प्रूसची, थंड प्रदेशातल्या झाडाची. मे महिन्यातल्या आमच्या दुपारी आर्द्रता १५-२० टक्क्यांवर येते. लाकूड सुकलं की लांबीत जवळपास बदलत नाही, रुंदीत आकसतं. त्यामुळे फळी खाली बसते, तारा फ्रेटवर घासून झणझणायला लागतात. फ्रेटबोर्डही आकसतो, पण त्यातल्या धातूच्या पट्ट्या आकसत नाहीत, म्हणून त्यांची टोकं कडेला बाहेर येतात आणि मानेवरून हात फिरवला तर करवतीसारखी लागतात. ही पहिली सूचना. ती कळली नाही तर पुढे ब्रिजमागे, तंतूंच्या दिशेने, सरळ चीर.

मग लोक म्हणतात, आमच्याकडे तर कूलर आहे, हवा ओलसर असते. असतेच. रात्रभर कूलर चालला की खोलीतली आर्द्रता ६०-७० टक्क्यांवर जाते. सकाळी माणसं कामाला गेली की तो बंद होतो, खिडक्या उघड्या राहतात आणि दुपारी पुन्हा कोरडेपण. फळी रोज ओल पिते, रोज सोडते. सतत कोरडं एकवेळ परवडलं, पण ही रोजची ओढाताण लाकडाला सोसत नाही. माणसाला जिथे बरं वाटतं तिथे गिटार ठेवावी असं सर्रास सांगतात. कूलरच्या झोतासमोर झोपलेल्या नागपूरकराला फार बरं वाटतं, म्हणून तो सल्ला आमच्याकडे चालत नाही. एका काकूंनी मुलाची गिटार मुद्दाम कूलरपुढे स्टँडवर उभी केली होती, तिलाही गार वाटावं म्हणून. महिन्याभरात तारांना गंज चढला.

माझा उपाय अगदी घरगुती आहे. प्लास्टिकची साबणाची डबी घ्यायची, तिला भोकं पाडायची, आत स्पंज ओला करून थेंबही गळणार नाही इतका पिळून ठेवायचा, आणि डबी गिटारीच्या डोक्याकडे केसमध्ये. वाजवून झालं की गिटार केसमध्ये आणि केस बंद. स्टँडवर नाही, भिंतीवर नाही. काहीशे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक आत टाकला तर अंदाजाने बोलावं लागत नाही. बेचाळीस-पंचेचाळीसवर काटा टिकला तर मी समाधानी असते. नवतप्यात, म्हणजे २५ मेपासूनच्या नऊ दिवसांत, स्पंज रोज बघावा लागतो.

भिंतीचं तर सांगायलाच हवं. गिटार दिवाणखान्यात हुकाला टांगायची हौस वाढली आहे, आणि दिवाणखान्याची मोकळी भिंत नेमकी पश्चिमेची असते. तिला दुपारी हात लावून बघा, आणि पुन्हा रात्री दहाला. दहालाही ती गरम असते. ऊन खोलीत येत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण गिटारीची पाठ रात्रभर शेकत राहते. गच्चीखालच्या खोलीत कपाटावर ठेवलेल्या गिटारीची तीच गत. पलंगाखाली, आतल्या भिंतीला लागून ठेवली तर दिसायला शोभा नाही, पण तिथे बरीच गार.

खिडकीतून येणाऱ्या उन्हाने रंग बदलतो, त्याची मला फारशी चिंता वाटत नाही. एका मुलाने गिटारीवरचं स्टिकर काढलं तर खाली फिकट गोल आणि भोवती सगळं मधासारखं पिवळं. काही कारागीर तर नव्या फळीला रंग यावा म्हणून पॉलिशआधी मुद्दाम ऊन दाखवतात. पण ते सुटं लाकूड असतं, त्यावर ताण नसतो, आणि कारागीर शेजारी बसलेला असतो.

जूनच्या मध्याला पाऊस आला की उलटं सुरू होतं. फळी फुगते, तारा वर जातात, बोटं दुखतात, आणि तीच मंडळी म्हणतात, मॅडम, सॅडल घासून द्या. ब्रिजमधली ही हाडाची पट्टी घासली की तारा खाली येतात, पण घासलेलं हाड परत वाढत नाही. पुढच्या मे महिन्यात तीच गिटार झणझणत माझ्याकडे येणार. म्हणून मी स्वतःच्या गिटारीसाठी दोन सॅडल करून घेतली आहेत, एक उंच आणि एक बुटकं. पेन्सिलने एकावर 'मे' लिहिलंय, दुसऱ्यावर 'ऑगस्ट'. यंदा पाऊस लांबला, त्यामुळे 'मे' अजून गिटारीतच आहे.