राहू दे दादा



सध्याची पोस्टिंग बेंगळुरूची. फौजेच्या भाषेत पीस स्टेशन. त्यात माझा धाकटा भाऊ याच शहरात नोकरीला, बनशंकरी सेकंड स्टेजला भाड्याच्या घरात राहतो. रविवारी आउटपास मिळाला की हलसूरला मेट्रोत बसायचं, मॅजेस्टिकला जांभळी लाइन सोडून हिरवी धरायची आणि बनशंकरीला उतरायचं. सोळा वर्षांच्या नोकरीत सख्खा भाऊ इतका जवळ पहिल्यांदाच आला.

त्याच्याकडे एक ऑफरोड मोटारसायकल आहे. उंच, सडपातळ, दगडधोंड्यांतून जाणारी. सेकंडहँड घेतली, पण हप्ते फेडून स्वतःच्या पैशाने. एका शनिवारी त्याने किल्ली माझ्या हातात दिली. "दादा, संगमपर्यंत जाऊन ये. कनकपुरा रोड सरळ आहे." अर्कावती जिथे कावेरीला मिळते ते हे संगम. तिथून पुढे मेकेदाटू.

मी ईएमईचा माणूस. गाड्या दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं. सामान कसं बांधायचं हे मला कोण शिकवणार? ताडपत्रीची वळकटी आणि पिशवी उजव्या बाजूला करकचून आवळली आणि निघालो. परतताना हौसेने एका कच्च्या वाटेला लागलो. अर्धा तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. मग जळका वास आला.

या गाड्यांचा सायलेन्सर पाण्याला, दगडाला लागू नये म्हणून वर घेतलेला असतो, साइड पॅनलच्या अगदी पोटाशी. मधे बोटभर फट असते. हायवेवर वारा त्या फटीतून उष्णता घेऊन जातो. कच्च्या वाटेवर इंजिन तापलेलं, वेग नाही, वारा नाही. वर माझ्या पिशवीने पॅनल आत दाबून फट बुजवलेली. पॅनल खालून वितळून आत गेलं होतं, कडेला वीतभर चीर पडली होती. दोष गाडीचा नव्हता, माझ्या गाठीचा होता.

घरी आल्यावर भावाने वाकून बघितलं. पॅनलवरून हात फिरवला आणि म्हणाला, "राहू दे दादा."

हे तीन शब्द मी आधी एकदा ऐकले होते. २०१९ साली वडील सांगलीत दवाखान्यात होते तेव्हा मी वरच्या पोस्टवर होतो. रजा मंजूर झाली, पण रस्ता बंद. गावी पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. दवाखाना, पैसे, अग्नी, सगळं धाकट्याने एकट्याने निभावलं होतं. मी काही बोलायला गेलो तर म्हणाला, "राहू दे दादा. तुझ्या हातात काय होतं?"

तेव्हा खरंच नव्हतं. या वेळी होतं. म्हटलं, नवीन पॅनल मागवू नकोस, हे मी करून देतो.

पहिला रविवार फुकट गेला. झटपट चिकटवणारा गोंद लावला, तासभर दाबून धरला. सुकल्यावर बोट लावलं तर पापुद्र्यासारखा निघून आला. लोखंड असतं तर मी डोळे मिटून जोडलं असतं. आमच्या पिढीने बुलेटवर हात साफ केले. १९५०च्या दशकापासून फौजेत असलेली ती गाडी. पत्रा वाकला तर ठोका, तुटला तर वेल्डिंग मारा. प्लॅस्टिकशी माझी ओळखच नव्हती.

भावानेच पॅनल उलटं करून दाखवलं. आतल्या बाजूला बारीक अक्षरं होती: पीपी. म्हणजे पॉलिप्रॉपिलिन. बऱ्याच गाड्यांत मडगार्ड आणि पॅनल याचीच असतात, कारण ते लवचिक, गाडी पडली तरी चटकन फुटत नाही. पण त्याला साधा गोंद धरत नाही. तिथे एबीएस लिहिलेलं असलं तर गोष्ट वेगळी, ते अॅसिटोनमध्ये विरघळतं आणि त्याच लगद्याने जोडता येतं. अक्षरं पुसली असतील तर कडेचा कपचा पाण्यात टाकून बघा: पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. पीपीला उष्णतेनेच जोडावं लागतं. ज्याने बिघडलं, त्यानेच.

दुसऱ्या रविवारी शिवाजीनगरच्या गुजरीत गेलो. जुन्या स्पेअर पार्टचा तो बाजार. तिथून पीपी छापलेलं एक फुटकं मडगार्ड घेतलं. त्याचा अर्धा भाग सरावासाठी, अर्ध्याच्या पट्ट्या कापून वेल्डिंगच्या सळईऐवजी वापरायला. जोड द्यायचा तर त्याच जातीच्या प्लॅस्टिकचा, हा नियम.

पॅनल गाडीवरून काढलं, साबणाने धुऊन वाळवलं. पेट्रोल आणि गाडी लांब ठेवली, गच्चीत उघड्यावर बसलो, कारण धूर छातीला वाईट. शेजारी पाण्याची बादली. हीट गन वीतभर लांब धरून सतत फिरवत राहायची. एका जागी थांबली की प्लॅस्टिक चकाकतं आणि लोंबायला लागतं. पीपी साधारण १६० अंशांना वितळतं, पण आकार द्यायला त्याच्या अलीकडे थांबायचं असतं, आणि ते मापक बघून नाही, हाताने कळतं. दोन्ही बाजूंनी ऊब दिली की नुसतं वाकलेलं प्लॅस्टिक स्वतःच मूळ आकाराकडे सरकू लागतं. मग आतून लाकडी ठोकळा, बाहेरून ओलं फडकं, आणि गार होईपर्यंत दाबून धरायचं. घाईत सोडलं की परत वाकडं.

चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे चीर पुढे पळत नाही. ही पत्र्याची युक्ती इथेही चालली. चिरेत ब्लेडने खाच केली, आतून स्टीलची बारीक जाळी सोल्डरिंग आयर्नने प्लॅस्टिकमध्ये बुडवली, वर पट्ट्या वितळवून भरल्या. मी आयर्न धरलं, भावाने ठोकळा. दोन तास आम्ही समोरासमोर होतो. मधेच तो म्हणाला, "दवाखान्यात बाबा सारखं विचारायचे, बर्फ कमी झाला का म्हणून." चार वर्षांत पहिल्यांदा तो त्या दिवसांबद्दल बोलला. मी वर बघितलं नाही. हात हलला असता.

तिसऱ्या रविवारी आई गावाकडून आली होती. आमचं कुलदैवत बदामीची बनशंकरी. इथलं मंदिर १९१५ सालचं. रविवारी राहुकाळ साडेचारला सुरू होतो, तेव्हा बायका लिंबाच्या सालीत वात लावतात. आई तिकडे गेली आणि आम्ही उरलेलं काम उरकलं. पॉलिश पेपर मारला. रंग दिला नाही, पीपीवर खास प्रायमरशिवाय रंग टिकत नाही. डाग दिसतो, दिसू दे. पण मूळ कारण तसंच ठेवून केलेली दुरुस्ती म्हणजे अर्धं काम. म्हणून पॅनल आणि सायलेन्सरच्या मधे अॅल्युमिनियमचा पत्रा बसवला, सायलेन्सरच्या क्लॅम्पवर, बुश घालून, दोन्ही बाजूंनी हवा खेळेल असा. पत्रा चिकटवून बसवला तर तोच तापून पॅनल जाळतो. फट महत्त्वाची.

संध्याकाळी भाऊ कनकपुरा रोडला चक्कर मारून आला. मी पॅनलवर तळहात ठेवला. कोमट. हात ठेवून उभं राहता येत होतं.

त्याने डागावर नख मारून बघितलं, सांधा वाकवून बघितला. मग किल्ली माझ्याकडे टाकली.

"पुढच्या वेळी सामान डावीकडे बांध."

नवीन पॅनल त्याने अजून मागवलेलं नाही.