मागच्या सीटवरून

कोल्हापूरच्या माणसाला थंडी वाजत नाही. म्हणजे वाजते, पण तो ते कबूल करत नाही. डिसेंबरात पहाटे रंकाळ्यावर फिरायला गेलात तर कानटोपी, मफलर, स्वेटर आणि वरून बायकोची शाल अशा चार थरांच्या आतून आवाज येईल, "यंदा थंडी अशी न्हाईच बघा!" पुण्याचा माणूस पारा किती खाली गेला हे अभिमानाने सांगतो, जणू तो त्यानेच खांद्यावरून उतरवून आणला आहे. आमच्याकडे थंडी म्हणजे ऊस तुटायचे, गुऱ्हाळं पेटायचे दिवस आणि पांढऱ्या रश्शाची वाटी आणखी एकदा पुढे करायला सबब. तिच्यासाठी मुद्दाम घराबाहेर जाऊन झोपावं असं आमच्या गल्लीत तरी कुणाला कधी वाटलं नव्हतं. ते माझ्या मित्राला, बापूला, दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात वाटलं.

बापूची ओळख करून द्यायची तर आधी त्याच्या गाडीची करून द्यायला हवी, कारण गल्लीत बापू दिसण्याआधी गाडी ऐकू येते. १९८१ सालची येझदी. म्हैसूरच्या कारखान्यातून या गाड्या आधी जावा नावाने निघत, १९७३ पासून येझदी नावाने निघू लागल्या आणि १९९६ साली कारखानाच बंद पडला. बापूच्या गाडीला मात्र ही बातमी अजून कुणी सांगितलेली नाही. दोन बाजूंना दोन सायलेन्सर. पेट्रोलात ऑईल मिसळायचं, म्हणून डिकीत ऑईलची बाटली कायमची मुक्कामाला. किक आणि गिअर यांचा दांडा एकच. तो आत दाबून फिरवला की किक, परत जागेवर आणला की गिअर. "म्हंजे एक मोडलं की दोन्ही गेलं," असं बापू याचं कौतुक सांगतो.

या गाडीच्या मागच्या सीटवर मी चाळीस वर्षं बसलो आहे. जग मी बापूच्या उजव्या खांद्यावरून बघितलं. मी मुलगी बघायला गेलो तोही याच गाडीवरून, आणि गाडी चालवणारा तोच नवरामुलगा असं समजून मंडळींनी पोह्यांची पहिली बशी बापूपुढे ठेवली. "मी तेव्हाच नीट चौकशी करायला हवी होती," असं आमच्या घरात अजून अधूनमधून ऐकू येतं. पण चाळीस वर्षांत बापूने गाडीचं हँडल माझ्या हाती एकदाही दिलं नाही. "गाडीला हात बदलल्याला कळतं," एवढंच त्याचं म्हणणं.

तर त्या डिसेंबरात बापूच्या मुलाने पुण्याहून एक खोकं पाठवलं. मुलगा संगणकात आहे. हापिसातल्या मित्रांबरोबर डोंगर चढतो. त्याने त्यासाठी नवं सामान घेतलं आणि जुनं आईवडिलांकडे पाठवून दिलं. नको झालेल्या वस्तू टाकवत नसल्या की आईवडिलांकडे पाठवायच्या, ही आपली रीतच आहे. खोक्यात एक तंबू होता नि दोन स्लीपिंग बॅगा. बॅगेवर लिहिलं होतं : उणे पाच अंशांपर्यंत. 

"उणे पाच!" बापू म्हणाला, "म्हंजे आपल्याकडं घाम फुटंल. चल, राधानगरीला जाऊन झोपून येऊ."

राधानगरी कोल्हापूरच्या माणसाला पावसाळ्यात पाठ असते. "तिसरा दरवाजा उघडला," "पाचवा उघडला," असे आकडे जुलैत आम्ही क्रिकेटच्या धावांसारखे ऐकतो, आणि सात म्हटलं की नदीकाठचे लोक गाद्या माळ्यावर टाकतात. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या धरणाचं काम हाती घेतलं. मध्ये पैशापायी ते अडलं आणि पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. पण हिवाळ्यात तिकडे कोण जातो? हिवाळ्यात धरण दरवाजे मिटून गप्प असतं. आम्हीही तसंच असावं, असं दोन्ही घरच्या मंडळींचं मत पडलं.

"वय काय तुमचं?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं.

"त्रेसष्ट."

"दोघांचं मिळून सव्वाशे होतं. जरा लाज बाळगा."

बाळगली नाही. लाजेऐवजी आम्ही रक्तदाबाच्या गोळ्या, गुडघ्याचं मलम, कानटोप्या, थर्मास, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेतली. अभयारण्यात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, म्हणून बापूच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला फोन लावून जलाशयाजवळचं त्याचं रान ठरवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरात ढेकणं झाल्यात काय? आमच्या सोप्यात झोपा की!" बापूने ते बाणेदारपणे नाकारलं.

पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. आम्ही चारला निघालो. मधल्या हंगामात या रस्त्याचा मालक ऊस असतो. पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांतून दोन्हीकडे लोंबणारा ऊस, मागे दिव्याच्या नावाने शंख आणि पुढे ड्रायव्हरच्या डोक्याशी कर्ण्यासारखा वाजणारा टेप. असला एक गाठून मागे टाकावा तोवर दुसरा. ऊन उतरलं तशी थंडी आधी बोटांत शिरली, मग बाहीतून वर चढली. बापूच्या पाठीमुळे मला वारा कमी लागतो हे मला चाळीस वर्षांनी त्या दिवशी कळलं. तोवर मी समजत होतो की मीच काटक आहे.

अंधार पडताना एका गुऱ्हाळापाशी बापूने गाडी थांबवली. चिमणीतून धूर, आत चुलवाणात चिपाडं ढणढणत होती आणि वर काहिलीत रस रटरटत होता. भेंडीच्या चिकाने वर आलेली मळी एकजण झाऱ्याने काढत होता. गुळव्याने न विचारता आमच्यापुढे गरम काकवीची वाटी ठेवली. धपाटं आणि काकवी! त्या क्षणी मला कोणी सांगितलं असतं की तंबू इथेच चुलवाणाशेजारी टाका, तर मी पाय धरले असते.

जाळाशेजारी एक म्हातारा उकिडवा बसून हात शेकत होता. ऊसतोडीला आलेला, बीडकडचा. पलीकडच्या मोकळ्या रानात त्यांच्या खोपी होत्या. पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या कागदाच्या. दिवाळीनंतर घर सोडायचं ते हंगाम संपला की परत. त्याने आमच्या गाडीवर बांधलेली गुंडाळी बघितली.

"ते काय हो?"

"तंबू," मी म्हटलं, "राधानगरीला चाललोय. रात्री त्यात झोपणार."

"कामावर का?"

"न्हाई. असंच."

त्याने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "घर नाही का तुम्हाला?"

"हाय की," बापू म्हणाला.

"मग?"

मास्तरांनी पाढा विचारावा आणि सातापुढे काही आठवू नये, तसं झालं. त्या 'मग'ला आमच्यापाशी उत्तर नव्हतं. बापूने काकवीची वाटी चाटून पुसून खाली ठेवली आणि गाडीला किक मारली. पुढे राधानगरीपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. येझदीचा हेडलाइट तसा मिणमिणताच; तो लागला आहे की नाही हे बघायला मी दोनदा मान पुढे काढली.

तंबू उभारण्याचं वर्णन मी करत नाही. चित्रात तो घुमटासारखा होता. आमचा गाढव बसल्यासारखा दिसत होता. स्लीपिंग बॅगेत शिरणं मात्र सांगायला हवं. उशीच्या अभ्र्यात शिरायचा प्रयत्न करावा, तेही पडल्या पडल्या आणि गुडघा न दुमडता. बापू शिरला, मी त्याची चेन गळ्यापर्यंत ओढून दिली आणि तो केवड्याच्या कणसासारखा गुंडाळून पडला. वरून थंडी लागत नव्हती हे खरं. पण ती खालून येते हे बॅगेवर लिहिलेलं नव्हतं. जमिनीतून असा गारठा चढत होता की धरणाचं पाणी आमच्या पाठीखालूनच वाहत असावं.

रात्री दोनला बापूने हाक मारली. "उठ. मला जायचंय."

"जा की मग."

"चेन अडकलीया."

त्रेसष्टाव्या वर्षी 'जायचंय' या शब्दाला काय तातडी असते हे जाणकारांना सांगायला नको. मी बॅटरी तोंडात धरून चेनशी झटत असतानाच तंबूबाहेर कोणीतरी सुस्कारा टाकला. चांगला भाता फुंकल्यासारखा सुस्कारा. मग कापडाला काहीतरी घासलं. पलीकडचं दाजीपूरचं जंगल १९५८ साली गव्यांसाठीच राखलं गेलं, आणि मोठा गवा टनाच्या आसपास भरतो, ही माहिती मी संध्याकाळी हौसेने बापूला सांगितली होती. ती दोघांनाही एकदमच आठवली.

"गवा!" मी पुटपुटलो.

"तू पळ," बापू म्हणाला. "मला न्हाई पळता येत. मी पिशवीत हाय."

मी पळालो नाही. यात मैत्री किती आणि तंबूचं दार कुठल्या बाजूला आहे हे न आठवणं किती, हे मी आजही सांगू शकत नाही. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "आवो पावणं! आमची म्हस सुटून हिकडं आलीया काय?"

पुढचे चार तास आम्ही त्या शेतकऱ्याच्या सोप्यात, शेकोटीच्या उबेला, त्याची घोंगडी अंगावर घेऊन काढले. घोंगडीवर कुठले अंशबिंश लिहिलेले नव्हते. झोप मात्र लागली.

सकाळी जलाशयावर धुकं होतं. चहा झाला. बापूने गाडी पुसली, ऑईलची बाटली बघितली आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

"तू चालव."

मला वाटलं, रात्रीच्या गारठ्याने त्याच्या डोक्यावर परिणाम झाला. पण तो आधीच मागे जाऊन उभा राहिला होता. मी तीन किका मारल्या, चौथीला गाडी लागली. पहिले काही किलोमीटर मी रस्ता सोडून कशाकडेही बघितलं नाही. मग मागून, माझ्या उजव्या कानाशी, बापू बोलायला लागला.

"पोरगा म्हणतोय पुण्याला या. कायमचं. हिला दम लागतोय, हितं बघणार कोण? संक्रांतीपतूर काय ते सांगायचंय."

मी मान वळवायला लागलो.

"मागं बघू नको. म्होरं बघ."

मागच्या सीटचा उपयोग मला त्या क्षणी कळला. चाळीस वर्षं मी त्याच्या पाठीशी बोलत आलो. नोकरी लागत नव्हती तेव्हाचं, वडील गेले तेव्हाचं, सगळं मी त्याच्या त्या पाठीला सांगितलं. तोंडावर एकही सांगता आलं नसतं. आज त्याला सांगायचं होतं, तर त्याने पाठ बदलून घेतली. गाडीला हात बदललेला कळतो म्हणणाऱ्या माणसाने.

"घर आहे ना इथं?" मी म्हटलं. "मग?"

तो बराच वेळ बोलला नाही. कालचं गुऱ्हाळ आलं, गेलं. पलीकडच्या खोपींपुढे कोणी तरी चूल पेटवत होतं.

"त्या म्हाताऱ्याला तरी घर हाय म्हणून काय उत्तर देता आलं असतं?" बापू म्हणाला. "जावं लागतं तवा जायाचं."

'जाऊ नकोस' एवढंच मला म्हणायचं होतं. दोन शब्द. पण ते सोडून मी म्हणालो, "पुण्याला थंडी लई असते."

"पिशवी हाय की," बापू म्हणाला. "उणे पाच."

मग आम्ही दोघेही हसायला लागलो. गाडी थोडी लचकली. "म्होरं बघ, म्होरं बघ!" असं तो माझ्या खांद्यावर थापा मारत म्हणाला, आणि हात तसाच खांद्यावर राहू दिला. कोल्हापूर येईपर्यंत.

संक्रांत झाल्यावर बापू गेला. येझदी आमच्या सोप्यात आहे. "विकू नको, वापरूबी नको, नुसती चालू ठेव," अशी आज्ञा आहे. दर रविवारी सकाळी आठला फोन येतो. "मार किक." मी मारतो. आता दुसरीला लागते. मग मी फोन डाव्या सायलेन्सरपाशी धरतो, मग उजव्या. आमच्या सौभाग्यवती खिडकीचं दार लावून घेतात. पलीकडून मिनिटभर काही आवाज येत नाही.

परवाच्या रविवारी पेपरात पुण्याच्या थंडीची पहिल्या पानावर बातमी होती. मी विचारलं, "काय बापू, फार गारठा आहे म्हणे तिकडे?"

"छ्या!" बापू म्हणाला. "यंदा थंडी अशी न्हाईच बघ."